गेटवर मी बसले तो दिवस

आमच्या सुनेच्या शाळेतल्या म्हाताऱ्या आयम्माला कामावरून कमी केलं तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आयम्मा म्हणजे शाळेतली बाई. लहान पोरांची नाकं पुसणारी, डबे उघडून देणारी. हैदराबादेत सगळे तिला आयम्माच म्हणतात. दोघी होत्या, त्यातली म्हातारी गेली, तरुण राहिली. मी म्हटलं, चला, एक तरी राहिली.

सून माझी त्या शाळेत व्हाइस प्रिन्सिपल. शाळा नल्लकुंट्यातच, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आजूबाजूला एसीवाल्या मोठ्या शाळा निघाल्या तशी पोरं तिकडे गेली, आणि शाळेच्या मालकांनी खर्चाला कात्री लावली. मालकांना इथे कॉरस्पॉन्डंट म्हणतात. आधी पीटीचे सर गेले, मग ऑफिसातला क्लार्क, मग वॉचमन, मग ती म्हातारी. माणूस जायचा, पण त्याचं काम काही जायचं नाही, ते माझ्या सुनेकडे यायचं. प्रार्थनेची शिट्टी तिनं मारायची, दाखले तिनं लिहायचे, एखादी टीचर आली नाही की त्या वर्गावर तिनंच उभं राहायचं आणि शाळा सुटताना गेटवरही तीच. प्रिन्सिपल मॅडम आहेत, नाही असं नाही. पण त्या कॉरस्पॉन्डंटच्या बहीण, आठवड्यातून दोनदा येतात आणि साडी चुरगळायच्या आत जातात.

सून घरी यायची ती चप्पल न काढता सोफ्यावर बसायची. पाय सुजलेले. डॉक्टरांनी बीपीची गोळी सुरू केली. एकदा चहाचा कप हातात धरूनच तिचा डोळा लागला. मी हळूच कप काढून घेतला तर दचकून उठली आणि म्हणाली, "गेट लावलं का?"

तेव्हापासून मला भीतीच बसली. मुलगा माझा कंपनीत, घरी असला तरी लॅपटॉपातच. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आई, सगळीकडे हेच चाललंय." अरे, सगळीकडे चाललंय म्हणून का ही पोरगी पडायची? आणि दुसरी भीती अशी की मालकांची नजर आता वरच्या पोस्टांवर. इतक्या लहान शाळेला व्हाइस प्रिन्सिपल कशाला, असं ते दोनदा मीटिंगमध्ये बोलले होते. सून मला हसत हसत सांगायची, पण हसताना डोळ्यांत हसू नसायचं.

मी म्हटलं, "मी येते दुपारी गेटवर बसायला. घरी काय करते मी?"

"नक्को, आई. तुम्ही बसलात तर पोरं घरीच जायची नाहीत. गप्पांतच संध्याकाळ होईल."

"मग काय झालं?"

"आणि कोणी मराठीत दोन शब्द बोललं की तुम्ही त्याला शाळेच्या किल्ल्यासुद्धा द्याल."

खोटं नाही ते. चाळीस वर्षं या गावात झाली. यजमान आबिड्सला नोकरीला होते तेव्हापासून. तेलुगू समजते, हिंदी आपली दख्खनी बोलते, पण भाजीवाल्याच्या गाडीवर कोणी "ताजी आहे का हो?" असं विचारलं की मी मान वळवतेच. मग कुठले, कोणाचे, इथे कधी आलात. सवयच ती.

तर एका दिवशी तिचाच फोन आला. तरुण आयम्मा सांगून गावी लग्नाला गेलेली. दोन टीचर आल्या नव्हत्या. "आई, आजच्या दिवस याल? सहावीवर मला जायलाच हवं, तिथे कोणी नाहीये. खाली लहानांना फक्त अर्धा तास सांभाळायचंय." तिच्या आवाजात इतका थकवा होता की मी साडी बदलायलाही थांबले नाही.

गेटापाशी स्टूल होतं, त्यावर मला बसवून तिनं नियम सांगितला. लहान पोरांच्या गळ्यात कार्ड असतं, तसंच जोडीचं कार्ड घरच्यांकडे. दोन्हीचा नंबर जुळला तरच पोर सोडायचं. "कार्ड नसेल तर नाही सोडायचं, आई. कोणी का असेना."

"हौ गं, मला कळतं."

वीसेक पोरं गेली. सगळं नीट. माझ्यासारखी कमी शिकलेली बाई नंबर जुळवून पोरं देतेय, मला तर मनातून छानच वाटत होतं. मग एक माणूस आला, तिशी-पस्तिशीचा, स्वच्छ शर्ट घातलेला. एका चिमुरडीनं त्याला पाहिलं आणि "बाबा!" करून जी धावली, ती थेट त्याच्या कमरेलाच बिलगली.

"कार्ड?" मी विचारलं.

"घरी राहिलं, आज्जी. गडबडीत निघालो."

आज्जी म्हणाला. मी विचारलं, कुठले तुम्ही? म्हणे, नांदेडकडचे. नांदेडचं माझं आजोळ! मग काय विचारता. त्यानं सांगितलं, बहीण अंबरपेठला असते, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, तिनं आज पोळ्या केल्यात पुरणाच्या, लेकीला खाऊ घालतो आणि सोडतो. मी पोरीला विचारलं, "बाबा का गं तुझा?" ती म्हणाली, "हो, माझाच बाबा." अजून काय पुरावा पाहिजे होता मला? मी वर म्हटलं, "तूप घ्यायला सांगा भरपूर." ते गेले.

दहा मिनिटांनी तिची आई आली. हातात कार्ड.

"माझी मुलगी?"

"तिचे बाबा घेऊन गेले की."

त्या बाईच्या हातातून पर्स खाली पडली. ती उचलायलाही वाकली नाही. "कोण तुम्ही?" ती ओरडली. "तुम्हाला इथे कोणी बसवलं? त्याला द्यायची नाही म्हणून मी लिहून दिलंय! लिहून दिलंय मी!"

तेव्हा मला कळलं. नवरा-बायको वेगळे राहत होते. म्हाताऱ्या आयम्माला ते ठाऊक होतं, तिला तोंडी सांगितलेलं. सुनेच्या कपाटात चिठ्ठी होती. पण म्हातारी घरी बसलेली, सून सहावीवर, आणि गेटवर मी.

सून जिन्यावरून धावत आली. माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं आणि रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं त्या बाईला पाणी दिलं, तिच्या नवऱ्याचा नंबर लावला. बंद. कॉरस्पॉन्डंट गाडीतून उतरले ते हात हलवतच आले, "मॅडम, पोलीस नक्को. स्कूल का नाम जाता."

"सर, पोरगी गेलीय," सून म्हणाली. "जावंच लागेल." आणि त्या आईला स्कूटीवर मागे बसवून ती ठाण्यात गेली.

मी स्टुलावरच बसून. समोरून रिक्षा गेली की वाटायचं, यात असेल. दुसरी गेली की वाटायचं, स्टेशनला नेलं असेल, नांदेडच्या गाडीत बसवलं असेल, मग कुठली सापडते? ती पोर "माझाच बाबा" म्हणाली तो आवाज कानात वाजत होता. मी मनात माझ्या आजोळाला शिव्या घातल्या. देवाला म्हटलं, मला ने, पण पोरीला आण. आणि खरं सांगू, त्याच्या बरोबरीनं दुसरंही मनात येत होतं, की आता सुनेची नोकरी गेली. दोन्ही भीती एकाच वेळी. कुठली आधी आणि कुठली मागून, ते मी सांगत नाही.

कितीतरी वेळानं आठवलं. बहीण. अंबरपेठ. भाजीबाजाराच्या मागे. घाबरून सगळं पुसलं गेलं होतं डोक्यातून. सुनेला फोन लावताना बोटं चुकत होती, तीनदा भलतीकडेच लागला.

पोरगी तिथेच मिळाली. सोबत पोलिसातली बाई होती म्हणून दार उघडलं म्हणे. गालाला तूप लागलेलं, आत्याच्या मांडीवर झोपलेली. बाप रडत होता, सहा महिने लेकीला भेटू दिलं नव्हतं म्हणाला. आईनं तक्रार केली नाही. लेकीला उचललं आणि गेली.

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी कॉरस्पॉन्डंटनी सुनेला बोलावलं. लेखी द्या म्हणाले, गेटवर कोण होतं, का होतं. मग आवाज खाली आणून त्यांनीच वाट दाखवली, असं लिहा की ड्यूटी आयम्माची होती, ती न सांगता निघून गेली. म्हणजे तिला काढता येईल, आणि मॅडम, तुमचंही निभावेल.

सून घरी येऊन स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसली. कोरा कागद ओट्यावर ठेवला. "आई, काय लिहू?"

आता हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "लिही आयम्माचं. तरुण आहे ती, तिला दुसरीकडे काम मिळेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच. "ती मला सांगून गेली होती, आई. मीच हो म्हटलं होतं." मग तिनं लिहिलं. इंग्रजीत लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. सासूला गेटवर मी बसवलं. चिठ्ठी माझ्या कपाटात होती, ती मी सांगितली नाही. गेटवर उभं राहायला शाळेत दुसरं कोणी नव्हतं. चूक माझी. खाली सही. मी म्हटलं, "अगं, चूक माझी होती, असं तरी लिही." ती म्हणाली, "तुम्ही शाळेत नोकरीला नाही, आई. तुमची चूक तिथे चालत नाही."

कॉरस्पॉन्डंटनी कागद वाचला, घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. बघू म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला. आयम्मा गावाहून परत आली, तिला हे काही माहीत नाही, ती सुनेला लग्नातले लाडू देऊन गेली. शाळेत सुनेच्या खोलीच्या दारावरची तिच्या नावाची पाटी काढली, रंग द्यायचाय म्हणून. रंग अजून दिला नाही. वर्गावर तीच जाते, शिट्टी तीच मारते, साडेतीनला गेटवर तीच असते. मला गेटाजवळ यायची बंदी आहे, तिचीच.

मी रोज ती घरात पाऊल टाकायच्या आत विचारते, "आज बोलावलं का त्यांनी?" ती चप्पल काढते, म्हणते, "नाही हो, आई." मग मी चहा ठेवते.

काल मात्र विचारलं तर तिनं आधी चप्पल काढून नीट बाजूला ठेवली, पाणी प्यायली, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही." मी चहाला आधण ठेवलं आणि पाणी उकळून आटेपर्यंत तिथेच उभी राहिले.