चार पाऊण तीन

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या कॉलेजातला गणिताचा गृहपाठ वहीतून उठून मोबाईलमध्ये गेला. कुठल्याशा कंपनीचं पोर्टल होतं. दर आठवड्याला पाच प्रश्नांचा एक संच, असे पाच संच, म्हणजे पंचवीस मार्क. त्यातले दहा मिळाले नाहीत तर परीक्षेत कितीही दिवे लावा, विषय गेलाच. प्रत्येक प्रश्नाला तीन संधी. रविवारी संध्याकाळी सहाला संच बंद व्हायचा आणि मग तो कुणाच्या बापालाही उघडायचा नाही. हे गणिताच्या मॅडमनी आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचाच चेहरा पडलेला होता. त्यांनाही ते वरून आलं होतं.

पोर्टलशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. एका गणिताचं उत्तर अर्धा आलं, मी एक भागिले दोन लिहिलं, त्याने लाल फुली मारली. शून्य दशांश पाच लिहिल्यावर हिरवी खूण आली. पुढच्या गणितात शून्य दशांश पाच लिहिलं, तर त्याला तिथे अपूर्णांकच हवा होता. अर्धा म्हणजे अर्धा, एवढं आमच्या वाडीतल्या कुणालाही कळतं. मी आमच्या दांडी गावाहून रिक्षाने बोईसरला यायची, तिथून गाडीने पालघर. उमरोळीला माझ्या सिमची रेंज जायची आणि पालघरला उतरेपर्यंत अर्धवट लिहिलेलं उत्तर पुसून गेलेलं असायचं. तरी पहिल्या दोन संचांत मी दहापैकी सात मिळवले. घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, मग उरलेले तीन कुणी नेले?

त्यानंतरच्या बुधवारी बाबा गेले. खाडीवर होडीपाशी, मासळीसाठी बर्फ आणणाऱ्या गाडीची वाट बघत बसले होते, बसल्या जागी कलंडले. बोईसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पालघरला लेक्चरमध्ये होते. घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं होती, आणि कुणीतरी माझ्या हातातली बॅग काढून घेतली. मला आठवतं ते एवढंच, की बॅग काढून घेतल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना.

मला रडू आलं नाही. आई रडली, काका रडला, वाडीतल्या बायका रडल्या. मी पाणी दे, चटई टाक, आलेल्यांच्या चपला बाजूला लाव, असं करत राहिले. बायका आईला म्हणाल्या की पोरीला धक्का बसलाय, रडवा तिला. दोघींनी प्रयत्नही केला. मी त्यांच्याकडे बघत राहिले, शेवटी त्याच रडून उठून गेल्या. मला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता. भूल दिलेल्या हिरडीवर जीभ फिरवावी तसं होतं. आहे तिथेच आहे सगळं, पण आपलं नाही.

सुतकाचे दिवस. घराबाहेर पडायचं नाही, चूल नाही, शेजारून जेवण यायचं. माझ्या हातात फोन होता. पोर्टलमध्ये सरावाचा एक कप्पा होता, त्यात प्रश्नाखाली ‘असाच आणखी एक’ असं बटण. ते दाबलं की तेच गणित नवे आकडे घालून पुढे यायचं. मी भिंतीला टेकून ते दाबत बसायची. उत्तर लिहायचं, हिरवं, असाच आणखी एक. उत्तर लिहायचं, लाल, असाच आणखी एक. शंभरेक गणितं केली असतील. त्यातलं एकही मला आज आठवत नाही. मार्कांचे संच शेजारच्याच कप्प्यात होते. तो मी उघडला नाही. त्याला मुदत होती, आणि मुदत असलेलं काहीही मला तेव्हा नको होतं. एक रविवार गेला, मग दुसरा गेला. तेरावं उरकल्यावर बघितलं तर तिसऱ्या आणि चौथ्या संचापुढे शून्य लागलेलं होतं.

मुदतवाढ मागायची सोय होती. कारण निवडायला एक यादी यायची: आजारपण, तांत्रिक अडचण, क्रीडास्पर्धा, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि पुढच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘सुतक’ लिहिलं. आमच्याकडे त्या एका शब्दात सगळं येतं, त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. दोन दिवसांनी कंपनीचं इंग्रजीतलं उत्तर आलं. तुम्हाला सुतक झाल्याचं वाचून वाईट वाटलं, यातून तुम्ही लवकर बऱ्या व्हाल अशी आशा आहे, कृपया डॉक्टरांचा दाखला जोडावा. मी ते दोनदा वाचलं. एरवी मी वर्गात मोठ्याने वाचून सगळ्यांना हसवलं असतं. तेव्हा नुसता फोन उलटा करून ठेवला.

मॅडमना मग मैत्रिणीकडून कळलं. त्या चिडल्याच माझ्यावर. आधी मला फोन का नाही केलास, म्हणाल्या. त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारूनही बघितलं, पण शून्य एकदा पुढे गेलं की मागे येत नाही असं त्यांना कळवण्यात आलं. हिशोब साधा होता. सात मार्क हातात, शेवटचा संच बाकी, त्यातले पाचपैकी तीन हवेत. नाही मिळाले तर विषय अडकणार, आणि विषय अडकला तर मी कॉलेज सोडणार हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मावशीने बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगला माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मावशीच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि मला स्वतःला काय हवं होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं. बाबांना मात्र मी शिकायला हवं होतं, एवढं पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांच्या हवं असण्यावर मी त्या महिन्यात उठत-बसत होते.

शेवटचा संच मी रविवारी दुपारी ओट्यावर बसून सोडवला. समोर आई वलांडीच्या आडव्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती, जबड्यात जबडा अडकवून दोन-दोन. पहिले दोन प्रश्न बरोबर आले. पुढचे दोन तिन्ही संधी संपवून चुकले. म्हणजे नऊ झाले, आणि पाचवा प्रश्न उरला.

पाचवा प्रश्न भरतीचा होता.

एका बंदरात अमुक दिवशी दुपारी बारा वाजता भरती पूर्ण होते, पाण्याची उंची अमुक सूत्राने मिळते, तर त्यानंतर चार दिवसांनी दुपारची भरती किती वाजता पूर्ण होईल? खाली लांबलचक सूत्र होतं. मी ते वाचलंच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या ओठांवर हसू आलं. अमावास्येला बारा, चौथीला तीन. हे दांडीत शेंबड्या पोरालाही येतं. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते, ही बाबांची रीत, त्यांना त्यांच्या वडिलांनी दिलेली. बाबा चौथीपर्यंत शिकले होते, पण पाऊणकी त्यांना झोपेतसुद्धा म्हणता यायची. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. शाळेत ती मला कुणी शिकवली नाही. मला ती बाबांनी शिकवली.

मी तीन लिहिलं. लाल फुली.

वाटलं, त्याची नेहमीची खोड असणार, दशांश हवा असेल. तीन दशांश शून्य लिहिलं. लाल फुली. एकच संधी उरली.

मग मी सूत्र वाचलं. वही घेतली आणि रीतसर गणित केलं. एका भरतीपासून दुसरीपर्यंत बारा दशांश चार तास. दोन भरत्यांचे चोवीस दशांश आठ. म्हणजे भरती रोज पाऊण तासाने नाही, शून्य दशांश आठ तासाने पुढे सरकते. चार दिवसांचे तीन दशांश दोन. तीन वाजून बारा मिनिटं. मी तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. पाऊणकी चुकत होती. चौथीला बारा मिनिटं, अष्टमीला तर चोवीस.

मला राग आला. इतक्या दिवसांत मनात काहीतरी आलं, आणि ते हे आलं. बाबांनी मला चुकीचं शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या बापाने चुकीचं शिकवलं होतं, आणि आता विचारायला जावं तर माणूस जागेवर नाही. मी तशीच वही घेऊन वलांडीपाशी गेले आणि आईला म्हटलं की बाबांचं भरतीचं गणित चूक आहे.

आईने हातातली जोडी अडकवली, मग माझ्याकडे बघितलं.

“तुज्या बापसाची भरती कदी बरोबर व्हती?” ती म्हणाली. “रोजच लवकर जायाचा. मंग बसायचा पान्याची वाट बगत. समदी वाडी हसायची त्याला. याची भरती झाली, आता दर्याची व्हायची हाय, म्हनायचे.”

मी म्हटलं, मग घड्याळ बघून का नाही जायचे? आई म्हणाली, खाडीच्या तोंडाशी रेती आहे, पाणी पूर्ण भरलं की तेवढ्या वेळातच होडी निघते, ती वेळ हुकली तर दिवस गेला. लवकर गेलं तर काय, बसावं लागतं. एवढंच. ती पुन्हा बोंबलांकडे वळली. आणि पाठमोरीच म्हणाली, “तू डबा घेऊन जायचीस ना? तवा तर मुद्दाम लवकर जायाचा.”

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे डबा घेऊन जायची ते आठवत होतं. तिसरी-चौथीत असेन. बाबा चिखलात कललेल्या होडीच्या काठावर बसलेले असायचे, मला उचलून शेजारी बसवायचे, आणि पाणी येईपर्यंत माझ्याकडून पाऊणकी म्हणून घ्यायचे. चुकले की पहिल्यापासून. होडी हळूच हलायची, मग बाबा मला खाली किनाऱ्यावर उतरवायचे आणि घरी पळ म्हणायचे. मला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच बसत असतील. बाकीच्या होड्यांवर तेव्हा कुणीच नसायचं, हे मी बघितलं होतं, पण त्याचा विचार कधी केला नव्हता. पाऊणकी जेवढी चुकत होती तेवढा, आणि वर बाबांनी मुद्दाम घातलेला, एवढा वेळ मला मिळाला होता.

ओट्यावर येऊन मी फोन हातात घेतला. सहाला अजून अवकाश होता. मी बराच वेळ काही लिहिलं नाही. कुणी म्हणेल, एका आकड्याचं एवढं काय. पण मला खरंच तो आकडा लिहवत नव्हता. तीन लिहिलं तर माझं वर्ष जाणार होतं, आणि तीन दशांश दोन लिहिलं तर बाबा चूक ठरणार होते, तेही माझ्या हातून. शेवटी मी तीन दशांश दोन लिहिलं. हिरवी खूण आली आणि वरून रंगीत कागदांचे तुकडे पडल्यासारखं चित्र आलं. शाब्बास, असं इंग्रजीत लिहून आलं. दहा मार्क झाले. मी आईला पास झाले म्हणून सांगितलं. ती बरं म्हणाली आणि तिने देवाला नमस्कार केला. मला काही वाटलं नाही. राग होता तोही गेला होता.

त्यानंतरच्या अमावास्येला बाबांची होडी काकाने पुन्हा पाण्यात घातली. चौथ्या दिवशी आईने माझ्याकडे त्याचा डबा दिला, म्हणाली भरतीच्या आधी पोचव. मी घड्याळ न बघता निघाले. लहानपणी डबा घेऊन ज्या अंदाजाने निघायची, त्याच अंदाजाने निघाले असणार. खाडीवर पोचले तर चिखलच होता. पाण्याची एक पातळ रेघ लांबून आत येत होती. होड्या कललेल्या. काका एकटाच, तोही होडीत नाही, वर सावलीत विडी ओढत बसलेला.

“एवड्यात कशाला आलीस?” तो म्हणाला. “पानी कुटं हाय अजून?” आणि मग, सवयीने, वर्षानुवर्षं ज्याला म्हणत आला तो समोर असल्यासारखं म्हणाला, “तुजी भरती झाली वाटतं.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने विडी टाकली.

मी होडीच्या काठावर जाऊन बसले. चार पाऊण तीनपर्यंत मनात म्हटलं, आणि पुढचं म्हणता आलं नाही. खूप रडले. इतकी, की काकाने डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि जरा लांब जाऊन, माझ्याकडे पाठ करून, उगाचच दोरी सोडवत उभा राहिला. त्याने मला गप्प केलं नाही, याबद्दल मी अजून त्याला मानते. होडी हलली तेव्हा त्याने मला हाताला धरून खाली उतरवलं. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती का, ते मी बघितलं नाही.