आईचा डावा हात आणि एक मोबाइल गेम

घरून काम करताना माणूस कामापेक्षा गेम जास्त खेळतो, हे ऑफिसात मी मरेपर्यंत कबूल करणार नाही, इथे करते. चाळिशीला टेकले तरी नाद सुटत नाही. त्यात गाण्यांचे गेम म्हणजे माझा जीव. गाणं वाजतं, ठेक्याठेक्याला वरून ठिपके खाली येतात, ठिपका गोलात शिरला की बोट मारायचं. बरोबर पडलं तर गोल हिरवा. चुकलं तर लाल, आणि खाली अक्षरं येतात, 'लेट'.

आईचा डावा हात मनगटात मोडला होता. बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये कुणीतरी पाणी सांडलं आणि ही घसरली. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. आता आई ढोलकीवाली. घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या बायकांची गायन पार्टी आहे. बारसं असो की लग्न, आईच्या ढोलकीशिवाय त्यांचं पान हलत नाही. रविवारी मुलुंडला एक बारसं होतं, तिथे आपल्याला वाजवता येईल का, ही एकच धास्ती तिला लागलेली. थेट ढोलकीवर हात टाकायला भीत होती. मी म्हटलं, "आधी माझ्या गेमवर बोटं चालव ना, झकास व्यायाम होईल." माझ्या मीटिंगा चालू असतात म्हणून माझे बिनवायरचे हेडफोन तिच्या कानांवर चढवले. केवढी मी हुशार!

तीन दिवस ती खिडकीपाशी बसून बोट मारत होती. टक, टक, टक. मीटिंगमध्ये कुणीतरी तक्ते दाखवत असायचं आणि टेबलाखाली माझा पाय आपोआप हलत असायचा. पण उठताबसता तिच्या मोबाइलमध्ये डोकावावं, तर सगळं लालच लाल.

"हे मेलं सारखं काय म्हणतं गं मला?"

"तुझा ठेका उशिरा पडतोय म्हणतंय."

"माझा?"

"अगं हात मोडलाय, वयही झालं. होतं असं."

हे मीच बोलले. तेही स्क्रीनवरून नजर न काढता.

चौथ्या दिवशी बघते तर कपाटावर ढोलकी नाही. आईने ती तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींना देऊन टाकली होती. मावशी पार्टीत झांजा वाजवतात, थोडीफार ढोलकीही. "रविवारी तूच वाजव म्हटलं तिला, आणि कायमची तुझ्याकडेच ठेव. माझा ठेका गेला. चारचौघांत हसं कशाला करून घेऊ?" मेथी निवडता निवडता तिने हे सांगितलं. मला रडू आलं आणि तिचा रागही आला. एका फालतू गेमचं इतकं मनावर घ्यायचं?

पण डोक्यात किडा वळवळायला लागला. नवशिका माणूस कधी आधी चुकतो, कधी नंतर. ही बाई प्रत्येक वेळी उशिराच, आणि तेही एकाच मापाने उशिरा. इतकं नेमकं चुकायला हात केवढा पक्का लागेल!

तेच हेडफोन लावून मी खेळून पाहिलं. सगळं हिरवं. म्हणजे हेडफोन ठीक, गेम ठीक. मग तिला पुन्हा खेळायला बसवलं आणि शेजारी बसून नीट पाहिलं. आई मोबाइलकडे बघतच नव्हती. बोट गोलावर, नजर खिडकीबाहेर.

"अगं, ठिपक्यांकडे बघ ना!"

"गाणं काय बघतात होय गं?"

मी हेडफोन घेतले, डोळे मिटले आणि नुसतं ऐकून बोट मारलं. डोळे उघडले तर लेट, लेट, लेट. हेडफोन काढून ठेवले, मोबाइलचाच आवाज मोठा केला, पुन्हा डोळे मिटले. हिरवं! त्या बिनवायरच्या हेडफोनमधून आवाजच किंचित उशिरा येत होता. मी ठिपके बघून खेळणारी, मला कधी कळणार? वाट लागली ती ऐकून वाजवणारीची.

"आई, आता खेळ. असंच, कानांवर काही न लावता."

ती खिडकीबाहेर बघत खेळली. मी मोबाइल बघत होते. एकसुद्धा लाल नाही. मी आनंदाने ओरडलेच, तिला सगळं समजावून सांगितलं. तिने डावं मनगट फिरवून पाहिलं.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"हो गं, पहिल्या दिवसापासून!"

"मोबाइलचं सोड, ते यंत्र आहे. पण तू तर लहानपणी माझ्या मांडीशी याच ठेक्यावर झोपायचीस. खोली ही एवढीशी. माझं बोट तुला ऐकू नाही आलं?"

आलं होतं. तीन दिवस माझा पाय त्याच ठेक्यावर हलत होता. तरी मी लाल अक्षरं वाचली आणि तिला म्हटलं, वय झालं.

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने दोन मजले उतरले, मावशींची बेल दाबली आणि म्हटलं, "मावशी, ढोलकी द्या. आईचा ठेका जागेवर आहे, चूक माझी झाली."