बाबांच्या घोट्याचं माप

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एका कागदावर जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिला. कागद मैत्रिणीचा होता आणि माप माझ्या बाबांच्या पायाचं.

विषय होता जैविक मानवशास्त्र. रत्नागिरीत बी.एस्सी. करून मी पुण्याला विद्यापीठात गेले, तेव्हा हा विषय घरी नीट समजावणं मला जमलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "माणसाचं माकड कसं झालं ते शिकते." मी दोन-तीनदा दुरुस्ती केली, मग नाद सोडला.

वर्गात आम्ही नऊजण होतो. त्यातली एक पुण्याचीच. आम्ही एका बाकावर बसायचो, डबा एकत्र खायचो. ती हुशार होती असं म्हणणं पुरेसं नाही, कारण परीक्षेत मला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळायचे. माझं पाठांतर पक्कं होतं. प्रॅक्टिकलला कापडाखाली हाड ठेवलेलं असायचं आणि नुसतं चाचपून ते ओळखायचं. मी नाव सांगायचे, डावं-उजवं सांगायचे, वर आणखी चार खुणांची नावं सांगायचे. ती हाडावरून सावकाश बोटं फिरवायची आणि म्हणायची, "या माणसाने आयुष्यभर ओझी वाहिली असणार." मॅडमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं, ते माझ्या उत्तराला कधीच आलं नाही. प्रश्न विचारायच्या आधीच त्यांची नजर तिच्याकडे वळायची. मला ते दिसायचं आणि मी वहीत डोकं खुपसायचे.

एकदा पायाच्या हाडांवर तास होता. आपले पूर्वज झाडं सोडून दोन पायांवर चालू लागले तेव्हा पाऊल कसं बदललं, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत कसा आला, तळव्याला कमान कशी आली, असं मॅडम शिकवत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आजही रोज अनवाणी झाडावर चढणारी माणसं आहेत. त्यांचे पाय तुमच्यापैकी कुणी जवळून पाहिलेत?"

वर्गात कुणी बोललं नाही. मीही नाही.

माझे बाबा बारा वर्षांचे असल्यापासून माडांवर आणि पोफळींवर चढतात. हेदवीच्या अलीकडे आमचं घर आहे आणि गुहागरपर्यंतच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांमधून त्यांना बोलावणी येतात. पुण्यात मी सांगून ठेवलं होतं, "बाबांचं बागेचं काम आहे." रत्नागिरीची म्हटल्यावर ऐकणारे आपोआप त्यांना हापूसच्या बागेचे मालक समजायचे. मी तो समज मोडला नाही.

"बघायला मिळालं तर काय मजा येईल," मैत्रीण माझ्या कानात पुटपुटली. मी "हो ना" म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती समुद्र बघायला म्हणून माझ्याबरोबर गावी आली. तिला नाही म्हणायला मला कारण सापडलं नव्हतं. बाबा दिवसभर कामावर असतात, तिला समुद्रावर फिरवून दोन दिवसांत परत पाठवू, असा माझा हिशोब. रत्नागिरीत तिला माझं जुनं कॉलेज दाखवून, जयगडला फेरीबोटीतून खाडी ओलांडून आम्ही दुपारी तीनच्या सुमारास गावात उतरलो. घराकडे वळतो तोच शेजारच्या वाडीत एक पोफळ जोरात हलताना दिसली. वर एक माणूस होता. त्याने झाड झुलवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्या झोक्याला हात लांबवून पुढची पोफळ पकडली आणि खाली न उतरता तिच्यावर गेला.

मैत्रीण खांद्यावरची बॅग तशीच ठेवून उभी राहिली. "कोण गं हे?"

वरून बाबांनी हाक मारली, "आलीस काय गो?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "माझे बाबा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. "आणि तू त्या दिवशी वर्गात बोलली नाहीस?"

"त्यात काय सांगायचं?"

ती रागावली नाही. तिला खरंच कळलं नव्हतं. लाज वाटण्यासारखं त्यात तिला काही दिसतच नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी बाबा पडवीत पाय पसरून बसले होते. ती त्यांच्या समोर जमिनीवरच बसली आणि विचारू लागली. पायात सुंभाचं कडं अडकवतात ते का? माड आणि पोफळ, दोन्हींवर पाऊल सारखंच ठेवतात का? बाबा आधी लाजले. मग सांगू लागले. "माडाला खाचा असतात, थय टाच टेकते. पोफळ गुळगुळीत. तिला तळव्यांनी धरायची, दोन हातांनी तांब्या धरावा तशी." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांसमोर आणून दाखवले. पावसात खोडाला शेवाळ धरतं तेव्हा कसं चढतात, लहानपणी पहिल्यांदा वर गेल्यावर ते खाली यायलाच कसे तयार नव्हते, हे सगळं त्यांनी तिला सांगितलं. मी बावीस वर्षं त्यांची मुलगी होते. यातलं अर्धं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आज एवढं बोलतायत कसे?"

पुण्याला परतल्यावर तिने प्रबंधाचा विषय बदलला. झाडावर चढणाऱ्यांचं पाऊल आणि घोटा. मॅडमनी दोन मिनिटांत होकार दिला. मला त्यांनी नेमून दिलेला विषय होता शाळकरी मुलींची उंची आणि वजन. मॅडम मला म्हणाल्या, "तुझं गाव तिकडेच आहे ना? हिला मदत कर." त्या एका वाक्यात माझे बाबा, माझं गाव आणि मी, तिघेही तिच्या प्रबंधाचे झालो. विषय माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर वाढला होता. तो तिने चोरला नव्हता. मीच तो उचलला नव्हता. हे मला कळत होतं, म्हणून तर रात्रंदिवस डाचत होतं.

फेब्रुवारीत ती पंधरा दिवस आमच्याकडे राहिली. ती माप घ्यायची, आकडा मोठ्याने सांगायची आणि मी तक्त्यात लिहायचे. माप घेणारीचे हात गुंतलेले असतात, म्हणून आमच्या शास्त्रात नोंद दुसऱ्याने करायची पद्धत आहे. गुहागरापासून आमच्या गावापर्यंतचे अठ्ठावीस चढणारे आम्ही गाठले. त्यातले निम्मे तिला नावाने ओळखू लागले. कुणी शहाळं दिलं, कुणी सोलकढी पाजली. मला मात्र सगळे विचारायचे, "तू अमक्याचीच ना? मग तू काय करतंस?" मी म्हणायचे, "लिहिते."

बाबांचं माप तिने शेवटच्या दिवसासाठी ठेवलं होतं. बाबांनी पाय घासूनपुसून स्वच्छ केले होते, धुतलेला सदरा घातला होता. संमतीच्या कागदावर त्यांनी जपून सही केली. लांबी झाली, रुंदी झाली, शाई लावून ठसे घेतले. मग घोटा. टाच जमिनीवरून न उचलता गुडघा पुढे न्यायचा आणि घोटा किती वाकतो त्याचा कोन मोजायचा. बाबांचा गुडघा पुढे गेला, आणखी पुढे गेला, टाच जागची हलली नाही.

"अगं बाई," ती हसत म्हणाली. "काका, अख्ख्या वाडीत असा घोटा कुणाचा नाही."

बाबा खूश झाले. "इतक्या वर्षांत असा कुणी विचारला नाय गो," ते तिला म्हणाले. तिला, माझ्यासमोर.

"बेचाळीस," तिने आकडा सांगितला.

मी चोवीस लिहिलं.

पेन कागदावर असतानाच मला ठाऊक होतं की मी काय करतेय. पुढे कुणी विचारलं तर आकडे उलटे पडले असं म्हणता येईल, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं. मी पुढच्या रकान्याकडे वळले.

महिन्याभराने विभागात कॉम्प्युटरवर आकडे भरताना ती थांबली. "तुझ्या बाबांचा घोटा चोवीस? मला फार जास्त आठवतंय."

"तू सांगितलंस तेच लिहिलंय," मी म्हटलं.

"पुन्हा जाऊन घेऊया माप."

"बाबा मुंबईला गेलेत, काकाकडे. इतक्यात येणार नाहीत." हेही खोटं होतं. बाबा त्या दिवशी हेदवीला कुणाच्या तरी माडावर होते.

ती मॅडमकडे गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. "स्वतःच्या मापावर तुझाच भरवसा नसेल तर बाकीच्या सत्तावीसांवर मी का ठेवावा?" मॅडम तिच्यावर अशा आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मला बरं वाटलं. किती बरं वाटलं ते आज लिहितानाही लाज वाटते. जेमतेम एक तास ते टिकलं. ती बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "चूक माझीच असणार. मी तेव्हा हसत होते ना, नीट वाचलं नसेल." आणि तिने बाबांची ओळ काढून टाकली.

तरीही तिचा प्रबंध विभागात सर्वांत चांगला ठरला. आभाराच्या पानावर पहिलं नाव माझं होतं. तिला परदेशात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. मी तिला पेढा भरवला.

जायच्या आधी ती पुन्हा आमच्या गावी आली. प्रत्येकाला त्याच्या पावलाचा ठसा आणि मापं नेऊन देईन असा शब्द तिने दिला होता, आणि तो पाळायला ती घरोघर हिंडली. शेवटी आमच्या पडवीत आली. बाबांनी हात पुसून कागद घेतला, उलटसुलट केला. "सगळ्यांचे पुस्तकात घातलेस ना? माझा कितवा नंबर?"

तिने मान खाली घातली. "काका, तुमचं माप माझ्या हातून चुकलं. म्हणून पुस्तकात घेता आलं नाही. मला माफ करा."

बाबा कागदाची घडी घालू लागले. आधी अर्धी, मग पाव, मग आणखी बारीक. ते मला बघवेना.

"तिचं चुकलं नाही," मी म्हटलं. "ती बेचाळीस म्हणाली होती. मी चोवीस लिहिलं. मुद्दाम."

आई आतून दारात आली. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. तिने का असं विचारलं नाही. तिला ते आधीच कळलं असावं, किंवा ऐकायचं नसावं. मग तिने बॅगेतून कोनमापक काढलं. "काका, उभे राहता का?" बाबा उभे राहिले. मी सवयीने पेन उचलायला पुढे झाले. तिने ते माझ्या आधी घेतलं. गुडघ्यावर कागद ठेवून, एका हाताने कोनमापक सांभाळत, तिने आकडा स्वतः लिहिला. प्रबंधात त्याचा आता काही उपयोग नव्हता.

स्टँडवर सोडायला मी गेले. बस आली. ती पायरीवर चढताना म्हणाली, "मॅडमना मी काही सांगणार नाही. तू सांग." आणि आत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसली.

मी सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि पीएच.डी.साठी मला शिफारसपत्र देणार नाही एवढंच म्हणाल्या. मी ते गृहीतच धरलं होतं. आज मी रत्नागिरीत एका कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचा धडा वर्षातून एकदा येतो.

बाबांनी विषय काढला तो मी पडवीत कबूल केल्यावर पाच-सहा दिवसांनी, विहिरीवर. "मी चढतो ते तुला बरा वाटत नाय, ता मला म्हायत होता," ते म्हणाले. "तू कॉलेजात सांगत नव्हतीस, तरी मला काय वाटला नाय. पण असलेला खोडून भलता लिवायचा नाय गो." मी रडले. त्यांनी बादली ओढून घेतली आणि माझ्या पुढ्यातला हंडा भरून दिला.

गेल्या गणपतीत मी घरी होते. आरती झाल्यावर बाबांचा फोन वाजला आणि ते मागच्या अंगणात गेले. अर्धा तास त्यांचं बोलणं चाललं होतं. पोफळीला या वर्षी कोळरोग कसा लागला, आता गुडघा कसा दुखतो, सगळं. मध्येच ते मोकळेपणी हसले. ती दर सणाला त्यांना फोन करते हे मला तेव्हा कळलं. मला तिचा फोन चार वर्षांत एकदाही आलेला नाही.

बाबा आत आले. "तुझा विचारत होती," म्हणाले. "काय सांगू म्हटला, बरी हाय म्हणून सांगितला."

"बरं केलंत," मी म्हटलं, आणि पानं वाढायला उठले. छातीत जुनं ते पुन्हा टोचलं. अजूनही टोचतं.