दत्ताराम मेस्त्रींचा कान

दत्ताराम मेस्त्री माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य अपमानाचं होतं, आणि पुढच्या अकरा वर्षांत त्यांनी सूर फारसा बदलला नाही. रविवारची सकाळ होती. डिचोलीतल्या घरापुढच्या अंगणात मी गाडीचं बॉनेट उघडून, इंजिनावरचं झाकण काढून, फट मोजायच्या फीलर गेजची पाती हातात धरून वाकलो होतो. खाणीच्या वर्कशॉपचा निळा सदरा घातलेला एक काटकुळा माणूस कुंपणाशी थांबला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, इंजिन दुरुस्त करतास, की मापां घेऊन त्येका झगो शिवतास?"

गाडी माझ्या मामाची. गोवा मुक्तीनंतर मायदेशी निघालेल्या एका पोर्तुगीज अधिकाऱ्याने ती त्याच्या गळ्यात मारली होती. दोन माणसांची, बसकी, इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स कार. खनिजाच्या ट्रकांनी उखडलेल्या आमच्या रस्त्यांवर तिचा उपयोग शून्य. मामाच्या माघारी ती माझ्याकडे आली. मी हायस्कूलात विज्ञान शिकवत असे. दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी इंजिनाची आकृती काढत असल्यामुळे मला इंजिन कळतं असा माझा समज होता. शाळामास्तरांना असे समज होतात.

मेस्त्री मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीवर डंपरची इंजिनं दुरुस्त करत. बायको वारली होती, एकुलती एक मुलगी सुलभा पेडण्याला दिलेली. त्या दिवशी कुणी न बोलावता ते आत आले. इंजिनातला वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात केसाएवढी फट लागते. जास्त झाली तर टकटक आवाज येतो, कमी झाली तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. ती फट नेमकी राखणं म्हणजे टॅपेट लावणं. मेस्त्रींनी इंजिन सुरू करून कान लावला, स्क्रू किंचित फिरवला, वरचा नट आवळला. असे आठही वॉल्व्ह अर्ध्या तासात संपवले. ते हात धुवायला गेल्यावर मी गेजने मोजून पाहिलं. माप पुस्तकातल्याप्रमाणे होतं. मागून आवाज आला, "घरात भाकरीपण मापून खातास?"

तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी ते टॅपेट लावायला येत, आणि मधल्या रविवारी नुसते बोलायला. बोलणं म्हणजे एकेकाची सालं काढणं. कॉलेजातून आलेले इंजिनियर, रोग्याचा हात न धरता औषध लिहिणारे डॉक्टर, मुक्तीनंतर एका रात्रीत टोपी बदललेले पुढारी, कुणीच सुटत नसे. माझी बायको चहाबरोबर पाव ठेवी. तो खाता खाता पाव भाजणाऱ्याचा उद्धार करत, "पोदेर निम्मो वारो विकता." खाणीवर टाय लावलेले नवे मॅनेजर आले तेव्हा मेस्त्री म्हणाले, "गळ्यात दावां घालून इलो हा, आता ह्येका बांधूचो खंय?" किंचित आवाज करणाऱ्या वॉल्व्हबद्दल मात्र त्यांना ममता होती. "बोलता तो वाल बरो, मास्तर. गप रवता तो जळता."

नवव्या वर्षाच्या सुमाराला मेस्त्रींची नवी तक्रार सुरू झाली. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, रेडिओवाल्यांचा घसा बसलाय, शाळेची घंटा कुणी वाजवतच नाही. मी ते वयावर ढकललं. जन्मभर डंपरच्या धडधडीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं, हे विज्ञानाच्या शिक्षकाला सुचू नये?

मग एका रविवारी त्यांनी नेहमीसारखे टॅपेट लावले आणि गाडी सुरू केली. कुणी रागारागाने भांडी आपटावीत तसं इंजिन वाजत होतं. मेस्त्री कान लावून उभे होते आणि चेहऱ्यावर क्वचित दिसणारं हसू होतं. "आयकलास? कसा गप झाला."

मी म्हणालो, "छान."

ते गेल्यावर दुपारी मी झाकण उघडलं आणि गेज घेऊन सगळे टॅपेट पुन्हा लावले. तीन खेपा असंच चाललं. ते लावत, मी छान म्हणे, ते गेले की दुरुस्त करी. आपण फार दयाळू आहोत असं मला वाटत होतं. भित्र्या माणसाला स्वतःबद्दल असं वाटणं सोयीचं असतं.

चौथ्या खेपेला त्यांनी झाकण काढलं, पहिल्या नटाला पाना लावला आणि थांबले. मग एकेक करून आठही नट चाचपले. कान गेला होता, हात शाबूत होता. आपण आवळलेला नट त्यांना ओळखता येत होता, आणि हे नट त्यांचे नव्हते. आधीच्या दोन खेपांना आलेली शंका त्यांनी झटकली असणार. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. मी तीन बोटं वर केली.

त्यांनी फडक्याला हात पुसले. आवाज चढला नाही. "वर्कशॉपात सगळे माका हसतत, तां माका म्हायत आसा. पण ते तोंडार हसतत. तुमी छान म्हणालास."

आणि ते निघून गेले. त्याच वर्षी खाणीवरची नोकरी सोडून मुलीकडे पेडण्याला राहायला गेले, हे मला बाजारात कळलं.

चार-पाच महिन्यांत गाडी अडखळायला लागली, चढावर दम टाकू लागली. म्हापशाला चांगले मेकॅनिक होते. बायको म्हणाली, गाडीचं निमित्त मिळालंय तर पेडण्याला जा. शेवटी गेलो.

मेस्त्री सुलभाच्या घराच्या सोप्यावर बसले होते. ते कुणाशी बोलत नाहीत, असं तिने दारातच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, गाडीकडे पाहिलं. मी समोर उभा राहून ओरडून सांगितलं, की तुम्ही लावलेले टॅपेट वाजत होते आणि ते तोंडावर सांगायची मला हिंमत झाली नाही. शेजारची माणसं बाहेर आली. मेस्त्री माझ्या ओठांकडे बघत होते.

"आता गाव जमवून बोंब मारतास," ते म्हणाले. "तेव्हा कागदार लिवन दिला असतास तरी चलला असता."

मग उठून त्यांनी गाडी सुरू करायला लावली. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं, लाकडी मूठ दातांत धरून इंजिनाचे हादरे कवटीत घेतले आणि डोळे मिटले. टोक पुढे सरकत राहिलं. शेवटी मूठ काढून म्हणाले, "सात बोलतत, तिसरो बोलणा नाय. जळालो." आणि मला विचारलं, पुस्तकातलं माप गरम इंजिनाचं की थंड. माप गरम इंजिनाचं होतं. मेस्त्री जाईपर्यंत मी थांबत असे आणि तोवर इंजिन थंड होई. थंड असताना लावलेली फट, धातू तापून फुगला की कमी पडत गेली होती. त्यांच्या चुकीने नुसता आवाज झाला होता. माझ्या चोरट्या दयेने वॉल्व्ह जळला होता.

तो बदलायला दोन दिवस लागले. मी सुलभाच्या घरीच राहिलो, पाने पुसून दिले, शिव्या खाल्ल्या. त्यानंतर टॅपेट लावायला मीच पेडण्याला जाऊ लागलो. हात त्यांचे, कान माझे. वाजतंय तर वाजतंय म्हणायचं, एवढंच माझं काम. माझं ऐकणंही त्यांच्या मते कच्चंच होतं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा वर्कशॉपमध्ये शोकसभा झाली. मॅनेजर म्हणाले, दत्ताराम मृदुभाषी होते, त्यांनी कुणाला कधी दुखवलं नाही. दुसऱ्याने त्यांना संत म्हटलं. ज्यांच्या ज्यांच्या त्यांनी चिंध्या केल्या होत्या ते सगळे माना डोलावत होते. माझी पाळी आली. मी म्हणालो, मेस्त्रींनी मला अकरा वर्षं मूर्ख म्हटलं आणि त्यात ते एकदाही चुकले नाहीत. इथे बसलेल्यांना ते काय म्हणत, तेही मला ठाऊक आहे.

मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं. तेव्हा पुढच्या बाकावरून सुलभा उठली.

"मास्तर खरा बोलतत," ती म्हणाली. "बाबांनी माझ्या जेवणाकपण कधी बरा म्हटला नाय."

मागच्या रांगेतला एक जुना फिटर हसला. मग सगळेच हसले, आणि त्यानंतर कुठे माणसं रडायला लागली.