रुआन वैद्यांची तीन बोटं

रुआन वैद्य सोळाव्या वर्षी चुलत्याकडे वैद्यकी शिकायला राहिले, तेव्हा चुलत्याने वर्षभर त्यांना औषधाच्या पुडीला हात लावू दिला नाही. टेबलावर घोड्याच्या शेपटीचा एक केस ठेवायचा, त्यावर कागद टाकायचा आणि म्हणायचा, शोध. मग दोन कागद, मग तीन. रुआन अकरा कागदांखालचा केस बोटाने दाखवायला लागले, तेव्हा कुठे त्यांना पहिल्या रोग्याचं मनगट मिळालं. हे मला माझ्या नवऱ्याने, शुइगनने, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. इतर नवरे बायकोसमोर स्वतःच्या बढाया मारतात, हा मित्राच्या मारत होता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दोघे एकाच घाटावर पोहायला शिकलेले. एक वैद्य झाला आणि दुसरा होड्यांच्या फटीत चुना नि तेल भरत जन्मभर ओणवा राहिला. पण कालव्याकाठच्या नऊ गावांत रुआनच्या बोटांची कीर्ती पसरवायचं काम माझ्या नवऱ्याने फुकट केलं.

आमच्या लोकांची एक खोड आहे. चांगल्या वैद्याकडे गेलं की तोंड उघडायचं नाही. मनगट त्या छोट्या उशीवर ठेवायचं आणि मूग गिळून बसायचं. काय होतंय ते वैद्याने सांगायचं. आपण होऊन सांगितलं तर त्याची परीक्षा काय झाली? रुआन वैद्य यावर वैतागायचे. म्हणायचे, "रोग ओळखायच्या वाटा चार आहेत. बघणं, ऐकणं-हुंगणं, विचारणं आणि शेवटी नाडी. तुम्ही मला चौथ्या मजल्यावर खिडकीतून चढायला लावता! तोंड काय नुसतं भात खायला दिलंय आईनं?" लोक हसायचे आणि मनगट आणखी पुढे सरकवायचे.

याला थोडे तेही जबाबदार होते म्हणा. कालव्यातला गाळ काढायच्या वर्षी आमच्या खोदकामाच्या तुकडीतला एक आळशी तापाचं सोंग घेऊन त्यांच्यापुढे बसला. रुआननी तीन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताप नाही. काखेतलं रताळं मात्र आता शिजलंय, काढून खा." नऊ गावं हसली. अशा माणसाला कोण कशाला दुखणं सांगेल?

अठ्ठ्याऐंशी सालच्या शरदात शुइगनच्या छातीत दुखायला लागलं. होडी उलटी करताना तो मध्येच थांबायचा, ओठ जांभळे पडायचे. मी म्हटलं, "म्हाताऱ्या, तालुक्याच्या दवाखान्यात चल."

"हिवाळा बसला की रुआनकडे जायचंच आहे."

हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे सगळे नाडी दाखवायला जातात. वैद्य प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीचं चाटण लिहून देतात, मग तांब्याच्या पातेल्यात अक्रोड, खजूर, जडीबुटी दिवसभर रटरटत असतात. जाताना शुइगनने मला दारातच बजावलं, "तिथे एक शब्द बोललीस तर बघ. असेल ते तो शोधून काढेल."

निघण्याआधी छातीत कळ आली म्हणून त्याने घरगुती औषध समजून दारूत मुरवलेली यांगमेईची फळं खाल्ली, चांगली वाटीभर. त्या फळांनी तोंड जांभळं होतं हे लहान मुलालाही ठाऊक असतं.

रुआननी त्याची जीभ बघितली आणि म्हणाले, "चोरा, सकाळी सकाळी यांगमेई?" शुइगन खो खो हसला. त्याचा आवाज मुळातच घाटावरून पलीकडे जाणारा, तेव्हा ऐकून कळण्यासारखं काही राहिलं नाही. विचारलं, "काही दुखतं-खुपतं?" तर हा म्हणतो, "ते तू सांग." मग त्यांनी मनगट घेतलं. डावं, मग उजवं, मग पुन्हा डावं. फार वेळ लावला. डाव्या मनगटावर पहिल्या बोटाखाली काळीज असतं, एवढं मलाही माहीत होतं. मी त्या बोटाकडे बघत राहिले. सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं, पण मीही गप्प बसले. खरं सांगते, नवऱ्याच्या धाकाने नाही. मलाही तेच वाटत होतं, असेल तर ते शोधून काढतील.

"वयाप्रमाणे आहे," रुआन म्हणाले आणि चाटण लिहून दिलं.

शुइगन घरी गाणं गुणगुणत आला. बारा दिवसांनी तो अंगणात गुडघ्यावर बसला आणि बराच वेळ त्याला उठता येईना. मी त्याला न सांगता रुआनच्या घरी गेले आणि सगळं ओकले. जांभळे ओठ यांगमेईच्या आधीपासूनचे आहेत, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, मला काही लागलं नव्हतं."

"म्हणजे नाडी बरी होती?"

"नाडी लागलीच नाही. वसंतात एकदा तोंड वाकडं झालं होतं ना माझं, दोन दिवस? तेव्हापासून ही तीन बोटं लाकडाची आहेत. जाड दुलईवरून हात फिरवावा तसं होतं."

"आणि भावजी, तुम्ही सहा महिने लोकांची मनगटं धरून बसता?"

"डोळे आहेत, नाक आहे, कान आहेत. वाटलं, टेबलाचा एकच पाय गेलाय. लोक नाडीशिवाय ऐकतच नाहीत, म्हणून नुसती बोटं ठेवायचो."

मी त्यांना नको नको ते बोलले. थोबाडीत मारावी असं वाटत होतं, आणि मारली असती तर त्यांनी गालही पुढे केला असता. ते उठले, घाईत चपला उलट्या घातल्या आणि माझ्यापुढे चालायला लागले.

शुइगन खाटेवर बसून चाटणाचा चमचा चाटत होता. रुआन त्याच्यासमोर उभे राहिले. "मी तुला फसवलं. माझी बोटं मेलीत. मला तुझी नाडी कळली नाही. उद्याच्या बसने तालुक्याला चल, मी येतो बरोबर."

शुइगनने माझ्याकडे पाहिलं. "हिने पढवलं तुला?"

"अरे गाढवा, खरं सांगतोय!"

"चाळीस वर्षांत तू चुकला नाहीस, आणि आज हिच्यासाठी खोटं बोलतोस? बायकांच्या नादाला लागू नये रे वैद्याने."

रुआननी खिशातून रोग्यांना टोचायची सुई काढली आणि आपल्या पहिल्या बोटात खुपसली, चांगली पेरभर. पापणीही हलली नाही. मी तोंड फिरवलं. शुइगन मात्र टाळ्या पिटायला लागला. "सोळाव्या वर्षापासून स्वतःच्या अंगात सुया टोचून शिकलास, तुला काय दुखणार! दुसरं काही दाखव."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जो माणूस जगात फक्त एकाचं ऐकतो, तो त्या एकाचंही ऐकेना, तर करायचं काय? मी भांडले, रडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. रुआन रोज यायचे, रोज तेच सांगायचे आणि रोज शिव्या खाऊन जायचे. एकदा तर ते त्याच्या पायाशी बसले. अखेर शुइगन कुरकुरत म्हणाला, "बरं बाबा. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सणाला वाडवडिलांना जेवण दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी येतो. तुझं नाही, हिचं तोंड बंद करायला." सण सहा दिवसांवर होता. मी दिवस मोजायला लागले.

सणाच्या आदल्या सकाळी मी बदकांना कोंडा घालत होते. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तेलाचा डबा उलटला होता आणि शुइगन उलट्या होडीला टेकून बसला होता, मान एका बाजूला कलली होती.

मी ओरडले. शेजारी धावले. कोणीतरी रुआनना बोलवायला गेलं आणि ते पायजम्यातच आले. लोकांनी वाट करून दिली. एकाने शुइगनची बाही वर सारली आणि त्याचं मनगट रुआनच्या हातात ठेवलं. "बघा वैद्य, आहे ना?"

सगळ्यांना तो अकरा कागदांखालचा केस शोधणारा माणूस दिसत होता. त्यांच्या मेलेल्या बोटांचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि शुइगनचा विश्वासच बसला नव्हता. रुआननी बोटं टेकवली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी पुन्हा कोणाचे पाहिले नाहीत. भीक मागत होते ते डोळे.

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि माझी बोटं शुइगनच्या मनगटावर ठेवली.

"कुठे?" मी विचारलं.

"अंगठ्याखाली. हाडाच्या आतल्या बाजूला. हलकं नको, दाबा."

मी सगळा जीव एकवटून दाबलं. आधी काही नाही. मग एकदम लागलं! टक टक टक, अगदी स्पष्ट. मी हसले, रडले, काय केलं कोण जाणे. "लागतंय! भावजी, लागतंय!" माझ्या मागे कोणीतरी सुटकेचा श्वास टाकला.

"कसं आहे?" त्यांनी हळू विचारलं. "संथ, की पळतंय?"

"पळतंय. जोरात पळतंय!"

रुआननी दुसऱ्या हाताने शुइगनची पापणी उचलली, बुबुळाकडे बघितलं आणि पुन्हा मिटली. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "वहिनी, ती तुमच्याच बोटांची नाडी आहे."

मी ऐकलं. तरी पुष्कळ वेळ हात काढला नाही.