बाकी सगळे शून्य

"बोला, सगळे एकदम बोला!" असं म्हणून सर उजव्या कानामागे तळवा धरायचे. नव्या वर्गाचा पहिला तास हमखास असाच सुरू व्हायचा. साठ मुलं एका वेळी आपापलं नाव ओरडायची, शेजारच्या वर्गातले मास्तर तणतणत दाराशी यायचे, आणि सर शांतपणे एकेकाकडे बोट दाखवायचे. "तू गणेश. तू सायली. आणि मागच्या बाकावरचा तू, नाव न सांगता नुसताच कोकलतोयस." वर्ग गार.

मी आमच्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांच्या प्रयोगशाळेची सहायक. माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. आमच्या घरात एकाने तोंड उघडलं की दुसरा त्याच्या वरताण ओरडतो, त्यामुळे चार माणसं एकदम बोलली की मला एकाचंही धड कळत नाही. सर हसायचे. "बाई, तुमचा कान मिठाने गंजलाय."

त्यांचा कान कुठे तयार झाला, ते मी पुढे पाहिलं. मुरुडच्या बाजूचा त्यांचा कोळीवाडा. होड्या परतायच्या वेळेला बायका किनाऱ्यावर उभ्या राहून हाळी देतात. प्रत्येक घराची हाळी ठरलेली, सासूकडून सुनेला आलेली. सरांच्या घरची दोन लांब, एक तुटक, मग पुन्हा एक लांब. वीस जणी एकदम हाळ्या देतात आणि पाण्यावरचा प्रत्येक गडी फक्त आपल्या घरच्या हाळीला ओ देतो. मला तो नुसता गलका वाटला.

सरांचं सगळं काम म्हणजे ही हाळीच होती. त्यांनी होड्यांसाठी छोटे बिनतारी डबे बनवले. वाड्यावर त्यांना 'सरांची डबी' म्हणत. सगळ्या डब्या एकाच लहरीवर, एकाच वेळी बोलणार, पण प्रत्येकीला वेगळा कोड, म्हणजे अधिक एक आणि उणे एक यांची एक लांब ओळ. कॉलेजच्या गच्चीवरच्या अँटेनाने तो सगळा कालवा पकडायचा, त्याला एकेका कोडने गुणायचं आणि बेरीज करायची. ज्याचा कोड त्याची बेरीज मोठी येते, पडद्यावर त्याच्या नंबरची रेघ उभी राहते. "आपलं माणूस तेवढं उभं, बाकी सगळे शून्य," सर म्हणायचे.

या शून्यावर त्यांचा फार जीव होता. कोड बनवायच्या दोन रीती त्यांच्यासमोर होत्या. एकीत तेहतीस कोड मिळायचे, पण दुसऱ्याचा थोडा आवाज मिसळायचाच. परक्या कोडची बेरीज कधी सात यायची, कधी उणे नऊ. सरांनी नाक मुरडलं. "तेहतीस कोटी देवांत तरी कुठे मेळ हाय?" त्यांनी दुसरी रीत घेतली. तिच्यात परक्याची बेरीज नेमकी शून्य. आम्ही अकरा डब्या टेबलावर ओळीने मांडल्या, सगळ्या एकदम सुरू व्हाव्यात म्हणून एका बटणाला जोडल्या, ते बटण मीच जोडलं, आणि पडदा असा स्वच्छ आला की सरांनी सगळ्यांना वडापाव खिलवला.

अकरा होड्यांवर अकरा डब्या गेल्या. सात नंबर सरांच्या थोरल्या भावाचा. दादा समुद्रावर गेला म्हणून धाकटा शाळेत गेला, हे सर कुणालाही, न विचारता सांगायचे.

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात एका दुपारी वारं उठलं. नऊ होड्या परतल्या. पाच आणि सात राहिल्या. त्या होड्यांवरचे फोन लागत नव्हते. आम्ही दोघं पडद्यासमोर. पाचची रेघ झोपलेली, सातची ताठ उभी. सरांनी कोळीवाड्यात फोन लावला. किनाऱ्यावर वहिनी हाळी देत होत्या, ती फोनमधून मलाही ऐकू आली.

"वैनी, घाबरू नको. दादा हाय. रेघ उभी हाय माझ्यासमोर."

"मंग मी जाऊ घरी, भावजी?"

"जा. घसा फोडू नको."

वाड्यावरची माणसं पाच नंबरला शोधायला निघाली. ती होडी नेहमी खाडीच्या तोंडाशी असायची, म्हणून सगळे तिकडेच गेले. दोन तासांनी निरोप आला, पाच नंबर खाडीत नांगर टाकून सुखरूप आहे आणि तिची डबी चालूच आहे.

सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद ओढला, पाचची ओळ लिहिली, खाली सातची. पाचची ओळ थोडी पुढे सरकवली की ती हुबेहूब सातची होत होती. टेबलावर सगळ्या डब्या एका बटणावर सुरू व्हायच्या, तेव्हा सरकण्याचा प्रश्नच नव्हता. समुद्रात ज्याने त्याने आपल्या वेळेला डबी लावलेली, त्यामुळे ओळी एकमेकींच्या पुढेमागे झालेल्या. आमच्यासमोर उभा होता तो पाच नंबर होता. सात कधीचा गप्प होता.

दादा सापडले नाहीत. होडीची एक फळी तेवढी सापडली.

सर रडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती तेहतीसची जुनी वही काढली आणि दोन वर्षं प्रत्येक कोड दुसऱ्या प्रत्येकाशी, एकेक घर सरकवून, ताडून पाहिला. नेमकं शून्य कुठेच आलं नाही, पण कुणी कुणाच्या जागी उभंही राहिलं नाही. "दुसऱ्याचा थोडा आवाज यायचाच, बाई," ते म्हणाले, "मलाच शून्य पायजे होतं." एकदा, मान वर न करता, म्हणाले, "वैनी हाळी देत होती. बंद कर म्हणून मीच सांगितलं." टेबलावर सगळ्या डब्या एकदम सुरू करणारं ते बटण माझं होतं.

नव्या डब्या होड्यांवर गेल्या. बत्तीस कोड वाटून झाल्यावर मच्छीमार सोसायटीचा माणूस आला. "सर, सात नंबर रिकामा हाय ना?"

"रिकामा न्हाय. दिलेला हाय."

रोज घरी जाण्यापूर्वी सर पडद्यासमोर उभे राहून कानामागे तळवा धरायचे. त्या यंत्राला आवाज नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? सातच्या जागेकडे बघायचे, "न्हाय" म्हणायचे आणि पिशवी उचलायचे. दर रविवारी वहिनींकडे जाऊन पायरीवर बसायचे. त्या दुपारबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही, हृदयच थांबलं. तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेले. त्यांनी चहा पुढे ठेवला.

"त्या दिशी मीच हाळी बंद केली, बाई," त्या म्हणाल्या. "धन्यांना आयकू आली असती तर वाट गावली असती. बायकोनं पाठ फिरवायची नसते."

"सरांना कधी बोललात हे?"

"कसं बोलू? भावजीनं स्वतःला दोष लावला असता. म्हून गप ऱ्हायले."

दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी एकच दगड दोन घरांत वाहिला होता. मी मान खाली घालून चहा प्याले.

होड्या यायची वेळ झाली. बायका टोपल्या घेऊन उतरल्या. वहिनीही उठल्या, रिकाम्या हातांनी. त्या दुपारनंतर त्यांनी हाळी दिली नव्हती, असं शेजारीण हळूच म्हणाली. सगळ्या जणी एकदम ओरडू लागल्या. मी नकळत कानामागे तळवा धरला. आणि या माझ्या गंजक्या कानाला त्या गलक्यातून वेगळी ऐकू आली: दोन लांब, एक तुटक, मग पुन्हा एक लांब.

पाण्यावरून एकेक ओ येत गेली. ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या घरासाठी. वहिनींनी पुन्हा हाळी दिली, आणि थांबून ऐकलं, आणि पुन्हा दिली. त्या हाळीला ओ देणारं आता त्या घरात कुणी उरलं नव्हतं.