गुरुजींचा बसलेला घसा

आज मी सोलापुरात तोंड उघडलं की बार्शीच्या बाजारातली कबुतरं उडतात. हे मी म्हणत नाही, बार्शीची माणसं म्हणतात. निदान तसं म्हणा, असं मी त्यांना सांगून ठेवलेलं आहे. पण ज्या वर्षी मी मास्तर होऊन सोलापुरात आलो, त्या वर्षी हाच आवाज ओठांवरून निघायचा, टेबलापर्यंत जाऊन दमायचा आणि परत घशात येऊन झोपायचा.

आमची शाळा म्हणजे गिरणीच्या मागची एक लांबलचक पत्र्याची वखार. पूर्वी तिथं कापसाच्या गाठी ठेवत, आता मुलं ठेवली होती. वर्ग चार, दालन एकच. मध्ये ना भिंत, ना पडदा. एका टोकाला पाढे, दुसऱ्या टोकाला कविता, शेजारच्या बोळातून हातमागांचा खटखटाट आणि या सगळ्यावर ठरल्या वेळी गिरणीचा भोंगा. असल्या ठिकाणी मास्तराची विद्या किती, हे कुणी विचारत नाही. ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचते का, एवढंच बघतात.

हेडमास्तर अक्कलकोटकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी "गप्प!" म्हटलं की मुलं तर गप्प व्हायचीच, पण बोळातले मागही थांबायचे आणि रस्त्यावरचा टांगेवाला घोड्याला विचारायचा, "तुला म्हणाले का मला?" माझा वर्ग नेमका त्यांच्या वर्गाला लागून. म्हणजे भोंग्याशेजारी बसून मी बासरी वाजवत होतो.

पहिल्याच आठवड्यात मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. विणकराचा पोरगा, घरी तेलुगू बोलणारा. अगदी आदरानं त्यानं विचारलं, "मास्तर, तुमी बोलायलाव का नुस्तं तोंड हलवायलाव?"

वर्ग हसला. मीही हसलो, तेसुद्धा कुणाला ऐकू गेलं नाही.

खरं म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. माझी नोकरी हंगामी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दिपोटी साहेब तपासणीला येणार आणि ते "कायम करा" म्हणाले तरच मी मास्तर. नाहीतर वैरागला मामांचं दुकान होतंच. निघतानाच मामा म्हणाले होते, "जा, हौस फेडून ये. गुळाच्या ढेपा उचलायला माणूस लागतोच." त्यात दिपोटी साहेबांची ख्याती अशी, की ते खुर्चीवर बसत नसत. दालनाच्या पार टोकाला जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि म्हणत, "हं, शिकवा. मला इथं ऐकू आलं पाहिजे."

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी गुरुजींपुढे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "गुरुजी, मला हे जमायचं नाही. मी वैरागला जातो."

गुरुजींनी कानाशी हात नेला. "काय?"

"जमायचं नाही, म्हणतो."

"काय?"

"जमायचं नाही!"

"आत्ता आलं बघ ऐकू," ते म्हणाले. "जमायचं नाही हे तर झकास जमलं की, तम्मा."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. चारचौघांत ते मला "अहो मास्तर" म्हणत. दोघंच असलो की तम्मा.

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत आले ते गळ्याला लोकरीचा गळपट्टा गुंडाळून. दिवस चैत्राचे. आमच्याकडच्या त्या उन्हात ओल्या बोटानं पाटीवर 'का' काढायला घेतला, तर काना ओढेपर्यंत 'क' वाळून जायचा. गुरुजींनी गळपट्ट्याकडे बोट दाखवलं, तोंडातून नुसता वारा सोडला आणि पाटीवर लिहिलं, "घसा बसला. वैद्यांनी बोलायला मना केलंय. प्रार्थना तुम्ही सांगा."

मी सांगितली. पहिली रांग माझ्या मागून म्हणाली, दुसरी पहिलीच्या मागून, तिसरी दुसरीच्या. शेवटपर्यंत पोचायला वेळ लागला, पण देवाला घाई नव्हती.

पुढे गुरुजींचा घसा काही सुटेना. शाळेमागे ते हळदमिठाच्या पाण्यानं अशा गुळण्या करत, की विहिरीतली कासवं वर येऊन बघून जात. खिशात ज्येष्ठमध, हातात पाटी. ते हुकूम लिहायचे आणि चारी वर्गांना सांगायचा मी. "पाणी प्यायला ओळीनं जा." "टोप्या उडवू नका." मी सांगत असताना ते दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कानामागे हात धरत आणि मान आडवी हलवत. नाही आलं. पुन्हा. एकदा वैतागून मी म्हटलं, "आणखी किती ओरडू?"

त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "ओरडू नका. तुम्ही पुढच्याला सांगता, म्हणून ते पुढेच राहतं. शेवटच्याला सांगा. मधले आपोआप ऐकतात."

मग मी शेवटच्याला सांगू लागलो. शेवटचा म्हणजे तोच, तोंड हलवायलाव का विचारणारा. भूगोल त्याला, गणित त्याला, रागसुद्धा त्यालाच. बिचारा इतरांच्या वाटचं बरंच ऐकून शिकला. गुरुजींनी मला शाबास असं कधी लिहिलं नाही. शाळा सुटताना पाटी समोर धरत, "आज शेवटच्यानं मान हलवली." बस, एवढंच. ते वाचून मी घरी चालत जात नसे, जमिनीच्या वीतभर वरून जात असे. ज्यांनी पाहिलं ती माणसं अजून आहेत. पत्ते तेवढे मागू नका.

तपासणीच्या दिवशी तरी गुरुजींचा घसा सुटेल, अशी माझी आशा. पण त्या दिवशी ते गळपट्ट्यावर आणखी एक पंचा बांधून आले. साहेब टांग्यातून उतरताच त्यांच्यापुढे पाटी धरली, "माझा आवाज गेला आहे. चारी वर्ग हे घेतील."

साहेबांनी मला खालून वर पाहिलं. वेळ लागला नाही, तेव्हा मी फार नव्हतोच. मग ते चालत गेले, शेवटच्या रांगेमागच्या भिंतीला टेकले आणि म्हणाले, "हं, शिकवा."

मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. डोळ्यांपुढे गुळाच्या ढेपा उभ्या राहिल्या, एकीवर एक, आणि सगळ्यांत वर मामा. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी पाटी उचलली नाही. नुसती नजर शेवटच्या रांगेकडे नेली. तिथं तो पोरगा मान लांब करून बसला होता, जणू तपासणी त्याचीच आहे.

मी त्याला विचारलं, "भीमेला आपल्या जिल्ह्यात कोण कोण येऊन मिळतं?"

"सीना!" टोकाहून उत्तर आलं.

"आणखी?"

"माण!" दुसरा वर्ग. "नीरा!" तिसरा. मग चारी वर्ग सुटले आणि मी त्यांच्या पुढे. त्या पत्र्याखाली इतकं पाणी वाहिलं, की साहेबांनी धोतराचा सोगा वर धरला. इतक्यात भोंगा झाला. भोंगा झाला की सगळ्यांनी आहे तिथं थांबायचं, अशी शाळेची रीत. उघडलेलं तोंड उघडंच ठेवायचं आणि तो संपला की पुढचं अक्षर काढायचं. त्या दिवशी मी रीत विसरलो. मी बोलत राहिलो, पोरं उत्तरं देत राहिली. भोंगा शेवटी लाजून गप्प बसला, असं मी आजवर सांगत आलो आहे. खरं म्हणजे त्याची वेळ संपली होती. पण तो थांबला तेव्हा मी चालू होतो, हे अगदी खरं.

साहेब कानात बोट घालून हलवत पुढे आले. म्हणाले, "मास्तर, जरा हळू बोलत चला."

पुढं माझं कौतुक पुष्कळ झालं, पण एवढं गोड वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. जाताना ते गुरुजींना म्हणाले, "यांना कायम करायला हरकत नाही." गुरुजींनी गळपट्ट्यातल्या गळपट्ट्यात मान हलवली.

त्याच संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मी गुरुजींच्या घरी निघालो. वाट मंगळवारच्या बाजारातून. तिथं ज्वारीच्या पोत्यांपाशी आलो आणि जागच्या जागी थिजलो.

"ए मावशी! ही वांगी हायत का दगड? कालची वांगी आज मला देतीस व्हय?"

"वरडू नगा की गुर्जी! भिऊन काळी पडली बगा माजी वांगी!"

गळ्यात गळपट्टा नाही, पंचा नाही. आवाज असा खणखणीत, की दोन दुकानांपलीकडचा तराजू हलत होता. मी पोत्याआड झालो, लांबच्या वाटेनं फिरलो आणि मुद्दाम उशिरा त्यांच्या दारात गेलो. गुरुजी गळपट्टा बांधून बसले होते. मी पेढे पुढं केले. त्यांनी फुसफुसत म्हटलं, "गिळवतोय का बघतो," आणि निम्मा पुडा मोठ्या कष्टानं गिळला. मी पायांना हात लावला. त्यांनी खांद्यावर थाप दिली. बाजारातल्या आवाजाविषयी बोललो दोघंही नाही. बोललो असतो, तर माझा आवाज त्यांनी दिलेला ठरला असता. न बोलता तो माझाच राहिला. एवढी मोठी वस्तू देऊन हात मागं लपवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काही वर्षांनी सांगोल्याकडचा एक तरुण मास्तर आमच्याकडे हंगामी आला. घरची मेंढरं, माळावर हाक मारली तर अख्खा कळप वळवणारा गडी, पण चाळीस पोरांपुढे उभा राहिला की मेंढरू व्हायचा. एकदा तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, मी परत जातो. हे आपलं काम न्हाय." मी गुरुजींना सांगायला गेलो. त्यांनी पेटीतून तोच गळपट्टा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"तम्मा, आता घसा बसायची पाळी तुझी."

"म्हणजे गुरुजी, तुम्हाला माहीत होतं?"

"ज्वारीच्या पोत्याआडनं पेढ्यांचा पुडा दिसत होता की."

अख्खा उन्हाळा मी मुका झालो. माझ्यासारख्याला ही काय शिक्षा होती, ते ज्यांनी माझ्या गप्पा ऐकल्यात त्यांनाच कळेल. पोटात साठलेल्या गोष्टींनी मला अजीर्ण झालं. घरात एवढी शांतता, की शेजारीण येऊन बायकोला विचारून गेली, "बाई, सगळं बरं आहे ना?" पण एके दुपारी तो गडी माळावरच्या आवाजात पावकीचा पाढा म्हणाला, टोकाच्या पोरानं मान हलवली आणि मी पाटीवर ते लिहून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते दोनदा वाचलं. त्या वर्षी साहेबांनी त्यालाही कायम केलं.

पकडला जाऊ नये म्हणून मी तो उन्हाळाभर मंगळवारच्या बाजाराकडे फिरकलोच नाही. दुसऱ्या पेठेत जाऊन बोटानं भाजी दाखवायचो. तिथली भाजीवाली शेजारणीला म्हणायची, "बिचारा मुका हाय गं," आणि पिशवीत मूठभर कोथिंबीर फुकट टाकायची. इतर सगळ्यासाठी तर आहेच, पण त्या कोथिंबिरीसाठीसुद्धा मी गुरुजींचा ऋणी आहे.